सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा दुप्पट जोरानं ओढतो, तरी चंद्र आपल्याकडेच कसा?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये दहावीला विज्ञान शिकवते. पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. न्यूटनचं सूत्र फळ्यावर लिहून झालं की मी मुलांना म्हणते, आता यात मनाला येतील ते आकडे घालून बघा. यंदा एका मुलीनं घरून गणित करून आणलं. सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट. चंद्रापासून सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे ३९० पट लांब. अंतराचा वर्ग केला की सुमारे १,५२,०००. भागाकाराचं उत्तर २.२ च्या आसपास. म्हणजे चंद्रावर सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या दुपटीहून जास्त!

तिचा प्रश्न सरळ आहे : "बाई, मग सूर्य चंद्राला घेऊन का जात नाही?"

गणित बरोबर आहे, मी तपासलं. दहावीच्या मुलीला पटेल असं, सूत्रांच्या आडोशाला न जाता सांगायचं आहे. इथं इंजिनिअर, आकाशनिरीक्षणवाले, निवृत्त प्राध्यापक सगळेच आहेत. तुम्ही कसं सांगाल?

रंकाळावेस

पोरीला आधी पैकीच्या पैकी द्या. नाद खुळा प्रश्न!

बावड्याचा तात्या

घेऊन जात न्हाई कसं? नेतोयच की. वर्षाला एक फेरी. खरं एकट्या चंद्राला न्हाई, आपल्या सगळ्यांना संगट.

निवृत्त मास्तर

तात्यांनी एका ओळीत उत्तर देऊन टाकलं, मी फक्त आकडे भरतो.

एका सेकंदात कोण किती पडतं ते मुलांना सांगा. झाडावरून सुटलेलं फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतं. पृथ्वीच्या केंद्रापासून फळ जेवढं लांब, त्याच्या ६० पट लांब चंद्र. म्हणून त्याच्यावरची ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पट सौम्य. तो एका सेकंदात पृथ्वीकडे सुमारे १.४ मिलिमीटर पडतो, आणि त्याच सेकंदात आडवा सुमारे १ किलोमीटर पुढं जातो. पडणं चालूच असतं, पण पुढं जाण्यामुळं जमीन कधी गाठली जात नाही. न्यूटननं १६८७ साली हाच हिशेब मांडला : फळाचं पडणं आणि चंद्राचं फिरणं एकाच नियमात बसवलं.

आता सूर्याकडे बघू. चंद्र एका सेकंदात सूर्याकडे सुमारे ३ मिलिमीटर पडतो. आणि पृथ्वी? तीही सुमारे ३ मिलिमीटरच. दोघं एकाच दिशेनं सारखीच पडत असतील तर त्यांच्यातलं अंतर का बदलावं? चंद्राला तोडून न्यायचं तर सूर्यानं एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी ओढायला हवं. असा फरक असतो, कारण अमावास्येला चंद्र पृथ्वीपेक्षा सूर्याच्या ३,८४,००० किमी जवळ असतो. पण १५ कोटी किमीच्या पुढं तेवढं अंतर म्हणजे सुमारे चारशेत एक भाग. त्यातून ओढीत पडणारा फरक मोजला, तर तो पृथ्वीच्या ओढीच्या नव्वदाव्या हिश्शाएवढा भरतो.

तेव्हा २.२ विरुद्ध १ असा सामना लागलेलाच नाही. लागलेला सामना आहे १ विरुद्ध ९०, आणि ९० पृथ्वीच्या बाजूला आहेत.

रंकाळावेस

खासबागेत असला सामना लागला तर तिकिटाचे पैसे परत मागतील लोक!

मास्तर, आत्ता कुठं डोक्यात शिरलं.

ऊसवाला

माझा एक बाळबोध प्रश्न. अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतंच ना? अंतराळवीर तरंगतात ते आपण बघतोच की.

अवकाशवेडी

असतं, भरपूर असतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किमी उंचीवर आहे. तिथं पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये तिथं होते, तेव्हा पृथ्वी त्यांना खाली ओढत होतीच. फक्त त्यांच्यासोबत स्थानकही पडत होतं, पाण्याची पिशवी आणि पेनसुद्धा. सगळं एकत्र पडायला लागलं की कुणाचाच भार कुणावर येत नाही, म्हणून तरंगल्यासारखं दिसतं. स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किमी वेगानं पुढं जातं, म्हणून ते पडत पडत पृथ्वीला वळसा घालतं. दीड तासात एक.

मास्तरांनी चंद्राचं सांगितलं ते आणि हे एकच आहे. जवळजवळ सारखं पडणाऱ्यांना एकमेकांत पडण्याची खूण दिसत नाही. दिसतो तो उरलेला फरक.

शिरोलीकर

माझी एक शंका, धंद्यातली. आमच्या फौंड्रीत टनाटनाची कास्टिंग शेजारी शेजारी पडून असतात. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते म्हणता, तर ती एकमेकांकडे केसभरही सरकलेली मी बघितलेली नाहीत. हा नियम फक्त आकाशातल्यांनाच आहे का?

निवृत्त मास्तर

सगळ्यांना आहे. एकेक टनाची दोन कास्टिंग, केंद्रांमधलं अंतर १ मीटर धरा. त्यांच्यातली ओढ सुमारे ७ मिलिग्रॅम वजनाएवढी भरते. खालच्या फरशीचं घर्षण त्यापुढं प्रचंड. मग सरकणार कुठून?

पण घर्षण काढून टाकलं तर सरकतात, आणि हे १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिशनं मोजून दाखवलं. तुमच्या धंद्यातलाच माल वापरून : शिशाचे मोठे गोळे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. लाकडी दांडीच्या दोन टोकांना दोन लहान गोळे, पाऊण किलोच्या आतले, आणि ती दांडी मधोमध बारीक तारेवर टांगलेली. मोठे गोळे जवळ आणले की दांडी किंचित वळायची. माणूस जवळ गेला तरी त्याच्या अंगाच्या उबेनं हवा हलणार, म्हणून सगळी मांडणी बंद खोलीत होती आणि कॅव्हेंडिश बाहेरून दुर्बिणीतून बघायचा. त्यावरून त्यानं काढलं की अख्ख्या पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट आहे. आजचा आकडा ५.५१. सव्वादोनशे वर्षांपूर्वी टांगलेल्या दांडीवर पृथ्वी तोलली त्या माणसानं!

शिरोलीकर

वा मास्तर! उबेनं हवा हलते हे आम्हाला रोजचं आहे, भट्टीपासून लांब उभं राहूनसुद्धा वजनकाटा नाचतो. त्या माणसानं बाहेरून दुर्बीण लावली हे वाचून हात जोडले.

खडूफळा

शिरोलीकरदादा, दहावीच्या पुस्तकात महेंद्र आणि विराट १ मीटरवर बसलेले आहेत, ७५ आणि ८० किलोचे. मुलं त्यांच्यातलं बल काढतात, उत्तर इतकं बारीक येतं की त्यांचा नियमावरचा विश्वासच उडतो. घर्षण नसलेल्या रिकाम्या अवकाशात त्यांना सोडलं तर काय होईल, कुणी सांगेल का?

अवकाशवेडी

करून बघितलं ताई. दोघांची वस्तुमानं एकेका बिंदूत गोळा झाली आहेत असं मानलं, सुरुवातीला दोघं स्थिर, आणि आजूबाजूला दुसरं काहीच नाही. सुमारे ३ तासांत ते एकमेकांपर्यंत पोचतात. एकेक किलोचे दोन गोळे घेतले तर १ मीटर अंतर तुटायला २६-२७ तास लागतात. ओढ दुबळी आहे खरी, पण ती थकत नाही आणि तिला आडवा पडदा लावता येत नाही. धुळीच्या ढगांतून तारे आणि ग्रह याच ओढीनं गोळा होतात, तिथं वेळेला तोटा नसतो.

संस्कृतप्रेमी

सगळे न्यूटन न्यूटन करताहेत. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात लिहून ठेवलंय की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, आणि आकाशातल्या जड वस्तूंना ती आपल्याकडे खेचते म्हणून त्या पडताना दिसतात. न्यूटनच्या पाच शतकं आधी. हे मुलांना का शिकवत नाही?

पंचगंगाकाठ

शिकवावंच, मनापासून शिकवावं. त्याच ठिकाणी ते असंही विचारतात की आकाश चारी बाजूंनी सारखंच असताना पृथ्वी पडणार तरी कुठं? हा प्रश्नच किती देखणा आहे! पण श्रेय देताना मोजून द्यावं. पृथ्वी ओढते हे भास्कराचार्यांनी सांगितलं. प्रत्येक वस्तू प्रत्येकाला ओढते, फळ पृथ्वीला तेवढ्याच बलानं ओढतं, आणि अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, हे न्यूटनचं. त्या चौथाईशिवाय खडूफळा ताईंच्या विद्यार्थिनीचा २.२ निघालाच नसता.

संस्कृतप्रेमी

पहिला मान पहिल्याला मिळावा एवढंच माझं म्हणणं. बाकी तुमचं मान्य.

पंचगंगाकाठ

आणि मान द्यायचाच तर आपल्या गावचा एक राहून गेला. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापुरातला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला सापेक्षता शिकवायचे. जयंतरावांनी १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा स्वतंत्र सिद्धांत मांडला. त्यातली कल्पना अशी की एखाद्या वस्तूला हलवायला जो जोर लागतो, तिचं जे जडत्व, ते विश्वातल्या दूरदूरच्या साऱ्या पदार्थामुळं ठरतं. हा सिद्धांत आज मुख्य प्रवाहात नाही. पण आइनस्टाइनच्या समीकरणांशेजारी आपली समीकरणं मांडायची हिंमत या गावात जन्मलेल्या माणसानं केली, हे दहावीच्या पोरांना कळायलाच हवं. मे २०२५ मध्ये ते गेले.

रंकाळावेस

हे मला माहीतच नव्हतं. उद्या ग्रुपवर टाकतो.

बरं, आता माझा प्रश्न. चंद्र एवढा समुद्र वर उचलतो, तर आमच्या रंकाळ्याला भरती का येत नाही? रोज सकाळी फिरायला जातो, पाणी जागच्या जागी.

देवगडकर

भरती बघायची तर गगनबावडा उतरून आमच्याकडं या, माशांचं जेवण आमच्याकडून.

चंद्र समुद्राला दोरी बांधून वर उचलत नाही. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडं आहे तिला तो केंद्रापेक्षा थोडं जास्त ओढतो, पलीकडच्या बाजूला थोडं कमी. या फरकानं पाणी दोन्हीकडं फुगतं, म्हणून दिवसाला दोन भरत्या, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतरानं. सूर्यही हेच करतो. त्याची ओढ चंद्रापेक्षा कितीतरी जास्त, पण तो लांब असल्यामुळं पृथ्वीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या ओढीत फरक कमी पडतो. म्हणून भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीला काटकोनात आले की भांग, म्हणजे लहान भरती. आमच्याकडं होडी कधी काढायची हे यावरच ठरतं.

रंकाळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत चंद्राच्या ओढीत फरक तो किती पडणार? अमेरिकेतल्या समुद्रासारख्या अवाढव्य सरोवरांतसुद्धा भरती ५ सेंटिमीटरच्या आतच राहते.

निवृत्त मास्तर

देवगडकर, भरतीचं गणित आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं गणित एकच आहे. दोन्हीकडं फरकच मोजायचा. याच हिशेबानं पृथ्वीचं राज्य कुठवर चालतं तेही निघतं : सुमारे १५ लाख किमी. त्याच्या आत फिरणाऱ्याला पृथ्वी सांभाळू शकते, बाहेर गेला की सूर्याचा. चंद्र ३.८४ लाखांवर, म्हणजे चांगलाच आत. आपलं आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ ला उडालं आणि ६ जानेवारी २०२४ ला सूर्याच्या बाजूच्या त्या वेशीपाशी पोचलं. तिथं दोघांच्या ओढींचा मेळ असा बसतो की यान पृथ्वीच्या जोडीनं, वर्षाला एक फेरी घालत राहतं.

ऊसवाला

मेळ म्हणजे दोन्ही ओढी सारख्या होऊन शून्य होतात तिथं?

निवृत्त मास्तर

नाही. तिथंही सूर्याची ओढ पृथ्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. सूर्याच्या जवळच्या वस्तूला एरवी पृथ्वीपेक्षा कमी वेळात फेरी पुरी करावी लागते. पृथ्वी मागून थोडी ओढते, सूर्याची ओढ तेवढी हलकी होते, आणि यानाला बरोबर एका वर्षात फेरी घालता येते. दोन ओढी जिथं समसमान होतात ती जागा पृथ्वीपासून फक्त अडीच-पावणेतीन लाख किमीवर आहे. आणि चंद्र त्याच्या पलीकडं फिरतो, म्हणून तर २.२ आला.

महाद्वारची

विषयाला थोडं सोडून, पण अगदीच सोडून नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या तारखा बघा : नोव्हेंबरात ९ ते ११, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत. दोन्ही तारखा २१-२२ डिसेंबरपासून जवळजवळ सारख्याच, ४१-४२ दिवस लांब. सूर्य दक्षिणेला जाताना जिथं मावळतो, परत येताना तिथंच मावळतो. माझ्या मनात नेहमी येतं, यात गुरुत्वाकर्षणाचा हात किती?

अवकाशवेडी

किती सुंदर प्रश्न! सूर्य दक्षिण-उत्तर सरकताना दिसतो तो पृथ्वीचा आस कलल्यामुळं. पण तो प्रवास किती दिवसांत होतो, ते गुरुत्वाकर्षण ठरवतं. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो, सुमारे १४.७ कोटी किमी. जुलैत सर्वांत लांब, १५.२ कोटी. जवळ असताना ओढ जास्त, म्हणून वेगही जास्त : सेकंदाला ३०.३ किमी, जुलैत २९.३. म्हणून सप्टेंबरच्या विषुवदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंतचा थंडीचा निम्मा भाग सुमारे १७९ दिवसांत संपतो, उन्हाळ्याकडच्या निम्म्याला १८६ लागतात. किरणोत्सवाचे दोन्ही मुहूर्त या वेगवान निम्म्यातच येतात.

ऊसवाला

आता मुळाशी जाऊ. ओढतो म्हणजे नेमकं काय? मध्ये हात नाही, दोरी नाही. व्हिडिओत ताणलेली चादर दाखवतात, मध्ये जड गोळा, आणि गोट्या त्याच्याभोवती फिरतात. तेच ना?

निवृत्त मास्तर

चादर बघायला छान आहे, पण माझं तिच्याशी पटत नाही. चादरीतला गोळा खाली का दबतो? पृथ्वीच्या ओढीमुळं. म्हणजे जे समजावायचं तेच आधी गृहीत धरलं. आणि खरी गंमत त्यात सुटून जाते, ती वेळेची. आइनस्टाइननं १९१५ मध्ये सांगितलं की वस्तुमानामुळं अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात, आणि मोकळं पडणारी वस्तू त्या वाकलेल्यातून तिची सरळात सरळ वाट धरते. रोजच्या पडण्यात मोठा वाटा काळाच्या वाकण्याचा असतो. ते मोजताही येतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किमी उंचीवर आहेत, तिथं ओढ कमी, म्हणून त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढं जातात. वेगामुळं ७ मागं पडतात. उरलेले ३८ दुरुस्त केले नाहीत तर अंतराच्या हिशेबात दिवसाला ११ किमीची चूक साठत जाईल. मोबाइलवर पन्हाळ्याचा रस्ता बघताना ही दुरुस्ती रोज आपल्या कामी येते.

अवकाशवेडी

आणि ही ओढ तत्क्षणी पोचत नाही, प्रकाशाच्याच वेगानं पोचते. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, आणि गॅमा किरण, म्हणजे एक प्रकारचा प्रकाशच, सुमारे १३ कोटी वर्षांचा प्रवास करून पृथ्वीवर आले, त्यांच्या येण्यात अंतर अवघं १.७ सेकंदांचं! अशा लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, केंद्रानं २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. तीही चार-चार किमी लांब दोन भुजांच्या लांबीतला फरकच मोजणार.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. एक गोष्ट मात्र सलते. मुलीला "फरक बघायचा" हे सांगितलं की तिचा २.२ वाया गेला असं तिला वाटेल. त्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ आहे का?

निवृत्त मास्तर

आहे, आणि मोठा आहे. तिला विचारा, चंद्र सूर्याभोवती कसल्या वाटेनं जातो? बहुतेकजण वेटोळी काढतील, किंवा आतबाहेर वळणारी नागमोडी रेघ. दोन्ही चूक. अमावास्येला पृथ्वी चंद्राला सूर्यापासून मागं ओढते, तरी सूर्याची ओढ दुपटीहून जास्त असल्यामुळं बेरीज सूर्याकडंच झुकते. मग चंद्राची वाट सूर्याच्या बाजूलाच वळणार, महिन्याच्या प्रत्येक क्षणी, कधीही उलटी नाही. तिनं काढलेल्या २.२ चा अर्थ हा. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांवर गुरूची ओढ सूर्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यांच्या वाटा उलट वळतात.

फळ्यावर हे दिसणार नाही. सूर्य-पृथ्वी अंतर १ मीटर घेतलंत तर चंद्र पृथ्वीपासून अडीच मिलिमीटरवर येतो, खडूच्या रेघेतच बुडतो. मैदानावर काढा. १ सेंटिमीटरला १ लाख किमी. सूर्य १४ सेंटिमीटरचा, पृथ्वीला राजगिऱ्याचा एक दाणा पुरे. दोरी १५ मीटर. महिन्याभराची वाट सुमारे ८ मीटर लांब होते, आणि चंद्र त्या रेघेच्या आतबाहेर जास्तीत जास्त सुमारे चार सेंटिमीटर जातो.

बावड्याचा तात्या

मास्तर, चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जायलाय म्हणत्यात. मग कधीतरी त्या १५ लाखाच्या वेशीबाहेर जाणारच की?

निवृत्त मास्तर

तात्या, भरतीचा फुगवटा पृथ्वीच्या फिरण्यामुळं चंद्राच्या थोडा पुढं असतो, तो चंद्राला पुढं ओढत राहतो, म्हणून चंद्र लांब जातो. अपोलोवाल्यांनी तिथं ठेवलेल्या आरशांवर लेसर टाकून हे मोजतात. हाच वेग टिकला असं धरलं तरी ५ अब्ज वर्षांत सुमारे १.९ लाख किमीची भर पडेल. चंद्र पावणेसहा लाखांवर, वेस १५ लाखांवर. तोवर सूर्याचंच इंधन संपत आलेलं असेल.

शिरोलीकर

खडूफळा ताई, १५ मीटर दोरी, रेघ मारायला फक्कीची पिशवी आणि सूर्यासाठी १४ सेंटिमीटरचा बिडाचा गोळा माझ्याकडून. पॅटर्न तयार आहे, बुधवारी ओततो, शनिवारी सकाळच्या शाळेला पोच करतो. राजगिरा तेवढा तुम्ही आणा.